शिरोलीत पॅटर्नचं डिझाईन करतोय, पाच मिनिटंसुद्धा लक्ष टिकंना झालंय, काय करू?

बीडवाला_३४

नमस्कार मंडळी. वय ३४, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी पॅटर्नची, म्हणजे ज्यावरनं ओतकामाचा साचा बनतो त्या नमुन्याची, ड्रॉइंग करतो, अकरा वर्षं झाली. काम येतंय, तो प्रश्न नाही. सात-आठ महिने झाले, डोकं एका जागी थांबतच नाही. बीड म्हणजे कास्ट आयर्न, ते ओतल्यावर थंड होताना आकसतं म्हणून मीटरला साधारण १० मिमी जादा, म्हणजे अलाउन्स, धरायचं असतं, हे मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगीन. मागच्या महिन्यात कस्टमरकडनं एक माप बदलून आलं, ४०० चं ४२०. मी टाकायला लागलो आणि तेवढ्यात मोबाइल उजळला, ग्रुपवर कुणाचातरी फोटो होता, तो बघितला, परत आलो आणि सरळ ४२० टाकून पुढं गेलो, अलाउन्स द्यायचाच राहिला. कास्टिंग ४ मिमीनं कमी भरलं, मशीनिंगला मटेरियलच उरलं नाही, चाळीस नग भंगारात. साहेब फार बोलले नाहीत पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दिवस कसा जातो तेपण सांगतो. सकाळी डोळे उघडायच्या आधी हातात मोबाइल, नाश्ता बहुतेक वेळा बुडतोच, दिवसात सात-आठ चहा, त्यातला शेवटचा रात्री साडेनऊला चौकात मित्रांबरोबर. मग अंथरुणात पडून व्हिडिओ बघत एक-दीड वाजतो. परवा मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती, मधेच थांबून म्हणाली "पप्पा, ऐकायलायसा नव्हं?" मी हो म्हटलं पण मला एक शब्द आठवत नव्हता. ते फार लागलं मनाला. कुठनं सुरुवात करू?

नाईट_ड्युटीवाली

दादा, मी नर्स आहे, आधी तो साडेनऊचा चहा बंद करा, बाकीचं नंतर. दिवसभर आपण जागे असतो तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यानंच झोप यायला लागते. चहातलं कॅफिन त्याच्याच जागेवर जाऊन बसतं, त्यामुळं थकवा असतो पण जाणवत नाही. आणि ते लवकर उतरत नाही, निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे तुमच्या साडेनऊच्या चहातलं निम्मं रात्री अडीचलासुद्धा अंगात असतं. तुम्हाला वाटतं व्हिडिओमुळं झोप येईना, पण दोन्ही मिळून होतंय ते. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप पाहिजे, तुम्हाला पाचच मिळत असणार. आमच्याकडं सलग नाईट झाल्या की आम्ही औषधाचं लेबल दोघी-दोघी मिळून वाचतो, कारण न झोपलेल्या डोक्याला आपण चुकतोय हे कळतपण नाही. चहा एकदम तोडू नका हं, डोकं दुखतं, दोन-तीन दिवसाला एक कप कमी करत जा आणि दुपारी चारनंतर शून्य.

सायको_विद्यापीठ

मी शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्र शिकतोय. मोबाइलबद्दल बोलतो. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, फोन टेबलावर ठेवून, खिशात किंवा बॅगेत ठेवून आणि दुसऱ्या खोलीत ठेवून लोकांना डोकं लावायची कामं दिली, तर दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांना सगळ्यात चांगलं जमलं, आणि फोन सायलेंटवरच होते. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तेच दिसलं असं नाही, त्यामुळं ती काळ्या दगडावरची रेघ समजू नका, पण करून बघायला पैसे लागत नाहीत. माप बदलायचं काम असेल तेव्हा फोन जेवणाच्या डब्याबरोबर ठेवा. आणि कुणी मधेच हाक मारली तर उठायच्या आधी कागदावर लिहा, "४२०, अलाउन्स बाकी". एवढंच. परत आल्यावर डोक्याला आठवावं लागत नाही, कागद सांगतो.

उद्यमनगर_काका

बाळा, मी उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथ चालवली. लांब कट लावला की दहा-बारा मिनिटं नुसतं उभं राहायचं, धातूची चिप कशी सुटतीय बघायची, आवाज ऐकायचा. कंटाळा यायचा, पण तेवढ्यात डोकं गार व्हायचं. आता पोरं कट लावला की मोबाइल काढतात, म्हणजे डोक्याला रिकामं राहायला जागाच नाही. तू नुसतं काम करताना नाही, चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये, सिग्नलला, संडासात, सगळीकडं ते बघत असणार. तिथनं काढ. मी अजून पहाटे साडेपाचला रंकाळ्याला दोन चकरा मारतो, येताना गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास. तूपण ये, एकटा जाऊ नको, सोबत असली की जाणं होतं. महिनाभर चाल, सगळं निघून जाईल बघ.

मंगळवारपेठ_मी

काकांचा मान ठेवून बोलते, चालण्यानं फायदा होतो हे खरं, पण सगळं निघून जाईल असं त्याला सांगू नका. मला असंच सांगितलं होतं. मी चालले, चहा सोडला, फोन बाजूला ठेवला आणि तरी काही झालं नाही, मग मलाच वाटायला लागलं की आपण आळशी आहोत. ते नैराश्य होतं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं कारण त्यांनीपण असं सुस्त, विसराळू व्हायला होतं, आणि मग औषध आणि बोलणं दोन्ही सुरू केलं. दादा, तुम्हाला दोन दिवस जेवण गेलं नाही ते मला खटकलं. दोन आठवडे सलग मन उदास असेल, आवडीचं काही करावंसं वाटत नसेल तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

बीडवाला_३४

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, तीन आठवड्यांनी लिहितोय. चहा आता तीनवर आलाय, शेवटचा साडेतीनला. पहिला आठवडा डोकं लय दुखलं. झोप साडेअकराला यायला लागलीय, पण मधे दोन रात्री परत मोबाइल घेतला, खरं सांगतो. कागदाची युक्ती मात्र पक्की बसली, मॉनिटरखाली चिठ्ठ्यांची रांग लागलीय, परवा शेजारच्या पोरानंपण सुरू केलं. काका, रविवारी रंकाळ्याला मुलीला घेऊन आलो होतो, फोन घरी ठेवला, अर्ध्या चकरेत चार वेळा हात खिशात गेला. ती मात्र पूर्ण वेळ बोलत होती आणि यावेळी सगळं आठवतंय, तिच्या वर्गातल्या भांडणासकट. ताई, तुमचं वाचून रक्त दिलंय तपासायला, थायरॉइड आणि बी-१२ दोन्ही. शनिवारी रिपोर्ट मिळतोय, मग सांगतो.