करंट वाढवून उपयोग किती?

इलेक्ट्रॉनांचा झोत (बीम) अणू-रेणूंवर आदळवायचा आणि एकाच टकरीतून निघालेले दोन इलेक्ट्रॉन दोन डिटेक्टरवर जोडीने पकडायचे, अशा प्रयोगात या जोड्यांच्या मोजणीला कोइन्सिडन्स काउंट म्हणतात. "कोइन्सिडन्स काउंट कमी येत असतील तर बीम करंट वाढवा" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. खऱ्या जोड्या करंटच्या प्रमाणात वाढतात, योगायोगाने जुळलेल्या मात्र त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. आकडे घालून बघा: दोन्ही डिटेक्टरवर सेकंदाला १०,००० काउंट आणि १० नॅनोसेकंदांची खिडकी (तेवढ्या वेळात आलेले दोन काउंट जोडी धरायचे), म्हणजे योगायोगाची जोडी सेकंदाला १. खरी जोडीही १ धरू. करंट दुप्पट केला की खऱ्या २, खोट्या ४. खोट्या जोड्यांची ही पार्श्वभूमी वेळेच्या रुंद पट्ट्यातून नीट मोजून वजा केली, तरी तेवढ्याच एका सेकंदात सिग्नल-नॉइज (खऱ्या जोड्या भागिले एकूण जोड्यांचं वर्गमूळ) ०.७१ वरून ०.८२ वर जातो, आणि करंट चौपट केला तरी ०.८९. १ च्या पुढे तो जातच नाही.

तेच ०.८२ मूळ करंटवर खिडकी ५ नॅनोसेकंद करूनही मिळतं. बीम देणाऱ्या तापलेल्या तारेचे, फिलामेंटचे, हाल वाचतात. अट एकच, खऱ्या जोड्यांचं शिखर (दोन काउंटमधल्या वेळेच्या आलेखातला उंचवटा) त्या ५ मध्ये मावलं पाहिजे. इलेक्ट्रॉन ऊर्जेनुसार निवडायला अर्धगोल अॅनालायझर असेल तर घोडं इथेच अडतं: आतले मार्ग कमीजास्त लांबीचे, त्यामुळे शिखर कित्येक नॅनोसेकंद पसरतं. पास एनर्जी (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेने अॅनालायझरमधून जातात ती) वाढवली की ते आवळतं, पण ऊर्जेचं रिझोल्यूशन बिघडतं. ही तडजोड आधी हेलियमवर (आयनीकरण ऊर्जा २४.६ ईव्ही) ठरवा, मग रेणूंकडे वळा. आणि स्टॉप चॅनलमध्ये (ज्या डिटेक्टरचा सिग्नल वेळमोजणी थांबवतो त्याच्या मार्गात) २० मीटर कोअॅक्स केबल घाला. साधारण १०० नॅनोसेकंदांच्या विलंबाने शिखर शून्यापासून दूर सरकतं आणि दोन्ही बाजूंची सपाट पार्श्वभूमी दिसते.