व्हिडिओखाली अख्खी ट्रान्सक्रिप्ट टाकली की गूगलमध्ये खरंच वर येतं का?

मुक्काम पोस्ट निफाड

मावसभाऊ द्राक्षबागेवर व्हिडिओ करतो. एप्रिलातल्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपर्यंत सगळं बागेत उभं राहून, मोबाईलवर. व्हिडिओ यूट्यूबवर जातात आणि तेच व्हिडिओ लावलेली एक साधी वेबसाइट मी सांभाळतो. आता एका एजन्सीने टुमणं लावलंय की प्रत्येक व्हिडिओखाली त्यातलं बोलणं शब्दशः टाका, सर्चमध्ये वर याल. मशीन उतरवून देतं, तुम्ही फक्त चिकटवायचं म्हणे.

एक चिकटवून बघितली. 'घड जिरतात', म्हणजे कोवळे घड वाढायच्या आधीच नाहीसे होतात, हे मशीनला 'घर जिरतात' ऐकू आलं. भुरी रोगाची 'बुरी' झाली. भाऊ दर वाक्याला 'बरं का' म्हणतो, तेही इमानेइतबारे उतरलं. १२ मिनिटांच्या व्हिडिओचे हजारावर शब्द आणि पूर्णविराम एकही नाही.

माझं मत विचाराल तर असली ट्रान्सक्रिप्ट न टाकलेलीच बरी. पण हाताने नीट केलेली मात्र टाकायलाच हवी. आमच्या पानावर व्हिडिओ सोडला तर दोन ओळी असतात. तेवढ्यात गूगलने काय समजून घ्यायचं?

शंकेखोर

मला हा सगळाच उद्योग फुकटचा वाटतो. यूट्यूब २००६ पासून गूगलच्याच मालकीचं आहे आणि बोलण्यावरून आपोआप सबटायटल करणं त्यांनी २००९ मध्ये सुरू केलं, तेव्हा फक्त इंग्रजीसाठी. ज्यांना ऐकता येतं त्यांना तुम्ही लिहून का देताय? १२ मिनिटांची ट्रान्सक्रिप्ट धड करायला तीन तास जातील. त्यापेक्षा शीर्षकं सुधारा. 'भाग १७, शेवटपर्यंत नक्की बघा' असं कोण शोधतं? वर्णनात कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहा. अर्ध्या तासाचं काम.

आणि एजन्सीवाले आकडे फेकतात त्यांना भुलू नका. सगळीकडे फिरणारं उदाहरण म्हणजे 'धिस अमेरिकन लाइफ' हा अमेरिकेतला रेडिओ कार्यक्रम. त्यांनी २०११ मध्ये जुन्या सगळ्या भागांच्या ट्रान्सक्रिप्ट टाकल्या आणि सर्चमधून येणारे लोक ६.६८ टक्क्यांनी वाढले. पण तो अभ्यास केला कोणी? थ्रीप्ले मीडियाने, ज्यांचा धंदाच ट्रान्सक्रिप्ट करून देण्याचा आहे. शिवाय तो रेडिओवरचा. तिथे बोलण्याशिवाय दुसरं काही नसतंच.

मुक्काम पोस्ट निफाड

शीर्षकाचं कबूल, ते भावाचे प्रताप आहेत. पण गूगलला ऐकू येतं म्हणता, तर जे ऐकू येतं ते 'घर जिरतात' हेच असेल ना?

शोधयात्री

पोटापाण्यासाठी हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. शंकेखोर, शीर्षकाबद्दल तुम्ही बरोबर आहात, पण बाकी पटलं नाही. शीर्षकात शब्द मावतात आठ-दहा. एकाच रोगाला तुमचा भाऊ बोलताना 'डाऊनी' म्हणत असेल, पुस्तकात 'केवडा' असतं. शोधणारा दोन्हीपैकी काहीही टाकतो. कोणी 'पानाच्या खालून पांढरं आलंय' असंही टाकतं. हे शेवटचं शीर्षकात कधीच येणार नाही, पण बागेत उभा माणूस अगदी असंच बोलतो. ट्रान्सक्रिप्टचा फायदा असलाच तर इथे आहे. मूळ पहिल्या पानावर नसलेलं काही ती चमत्काराने वर नेत नाही.

एक धोका मात्र कोणी सांगत नाही. २०२३ पासून गूगल नेहमीच्या निकालांत व्हिडिओचं चित्र तेव्हाच दाखवतं, जेव्हा त्या पानावर व्हिडिओ हाच मुख्य ऐवज असतो. लांबलचक मजकूर वर आणि व्हिडिओ तळाला, असं केलंत तर चित्र जाईल. एका पानावर एकच व्हिडिओ, तो सगळ्यात वर, आणि बोलणं त्याच्या खाली. बरेच जण रोमन अक्षरांत मराठी टाइप करून शोधतात, त्याला देवनागरी ट्रान्सक्रिप्ट किती पुरते हा वेगळा वाद आहे.

कानात वारं

मला कमी ऐकू येतं. आमचीही बाग आहे, दिंडोरी तालुक्यात. गूगल, गूगल काय चाललंय? मजकूर माणसांसाठीही असतो. माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात मिळावी असं २०१६ च्या कायद्यातही आहे. मी व्हिडिओ मशीनच्या सबटायटलवर बघते आणि सगळ्यात भीती कशाची वाटते सांगू? औषधाच्या मात्रेची. बोलणारा म्हणाला 'लिटरला पाव ग्रॅम', खाली आलं 'पाच ग्रॅम'. ओठांकडे लक्ष होतं म्हणून कळलं. वीसपट! दादा, तुम्ही न तपासता चिकटवलंत आणि कोणी ते वाचून पंप भरला, तर?

मुक्काम पोस्ट निफाड

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. चिकटवलेली आत्ताच काढून टाकली.

शंकेखोर

ताईंचा मुद्दा बिनतोड. पण त्यासाठी हजार शब्द कशाला? फवारणीचं वेळापत्रक तपासून व्हिडिओखाली द्या. काम झालं.

कानात वारं

मात्रा कळेल हो, पण ती कधी द्यायची नाही हे तो बोलण्यातच सांगतो ना. पाऊस येणार असेल तर थांबा, पानं ओली असताना नको. वेळापत्रकात ते कुठे असतं?

आगलाव्या

कोणी हेही बघा की ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल वरच्या वर एआयचं उत्तर देतं. तुम्ही तीन तास घालून मजकूर स्वच्छ करणार, गूगल त्यातून चार ओळी उचलणार, आणि शेतकरी त्या वाचून निघून जाणार. आयतं पीक कापून द्यायचं, वर रस्ताही झाडून द्यायचा.

मुक्काम पोस्ट निफाड

चार ओळींत भागणारा तसाही बारा मिनिटं बसत नव्हता. कात्री कुठल्या डोळ्यावर लावायची, सबकेन (शेंडा खुडून वाढवलेली बगलफूट) कुठे करायची, घड नसलेली वांझ फूट कुठली, हे बघायला येणारा व्हिडिओच लावतो. त्याला आम्ही सापडलो तर पाहिजे.

तर ठरवलंय. सध्या तीनच व्हिडिओ हाताने करतो, पहिला घड जिरण्याचा. महिनाभराने काय फरक पडला ते इथे सांगतो.

शंकेखोर

महिनाभराने ऑक्टोबर लागेल. तेव्हा छाटणीचं काहीही टाका, वरच जाणार. श्रेय ट्रान्सक्रिप्टला देऊ नका म्हणजे झालं. एकाच मोसमाचे सहा व्हिडिओ निवडा. तिघांखाली मजकूर टाका, तिघांखाली नको. मग बोलू.

शोधयात्री

हे मान्य. शीर्षकं मात्र त्या काळात कुणाचीच बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

मुक्काम पोस्ट निफाड

सहा निवडले. भावाला सांगितलं की तुझं बोलणं लिहून काढतोय, तर म्हणाला, 'बरं का' तेवढं काढू नकोस, लोक त्यावरूनच ओळखतात मला.