जॅम्युलसचा सर्व्हर घरी लावावा की भाड्याने घ्यावा? (सोलापूर-पुणे भजन)

पेटीवाला_जुळेसोलापूर:
मंडळ पांगलंय. पेटी माझ्याकडे, तबला पुण्यात, गाणारे अक्कलकोट रोडला. व्हिडिओ कॉलवर ठेका एवढा मागे पडतो की समेवर दोघंही एकत्र येत नाहीत. म्हणून जॅम्युलस घेतलं, म्हणजे लांबलांबच्या वादकांना इंटरनेटवर कमी उशिरात एकत्र वाजवू देणारं सॉफ्टवेअर; सगळ्यांचा आवाज सर्व्हरवर मिसळून परत येतो. जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर चालू केला, राउटरवर २२१२४ पोर्ट (बाहेरून आत यायची क्रमांकाची वाट) उघडलं, तरी तबलजीला तो सापडत नाही. काय करू?

तारजोड:
उघडलेलं पोर्ट यूडीपी प्रकारचं आहे ना? टीसीपी हा दुसरा प्रकार चालत नाही. ते बरोबर असेल तर राउटरमधला डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ यांमधला असला तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता इंटरनेट कंपनीने बऱ्याच घरांत वाटलाय, त्यामुळे तुमच्या राउटरवर काहीही उघडलं तरी बाहेरून आत येता येत नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) मिळतो का कंपनीला विचारा.

पेटीवाला_जुळेसोलापूर:
१००.७२ आहे. विचारलं, तर म्हणाले फक्त धंद्याच्या कनेक्शनला देतो.

लिनक्सवाली:
मग घरच्या सर्व्हरचा नाद सोडा. मुंबईत डेटा सेंटर असलेल्या क्लाउडवर छोटं उबंटू (लिनक्स) मशीन भाड्याने घ्या. जॅम्युलसचं हेडलेस (पडद्याशिवाय चालणारं) पॅकेज टाका, साउंड कार्ड लागत नाही. क्लाउडच्या फायरवॉलमध्येही २२१२४ यूडीपी उघडा, तिथेच बरेच जण अडकतात. डिरेक्टरीत (सर्व्हरांच्या जाहीर यादीत) नोंद करू नका, म्हणजे पत्ता ठाऊक असलेलेच येतील, नाहीतर ऐन अभंगात कोणीतरी गिटार घेऊन हजर! तासावर पैसे असतील तर भजन झालं की मशीन बंद करायचं. मात्र पत्ता राखून ठेवला नाही तर पुढच्या वेळी बदललेला असतो.

सातरस्ता_तबला:
सर्व्हर कुठेही ठेवा, वायफाय आणि ब्लूटूथ काढल्याशिवाय काही खरं नाही. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. ३० मिलिसेकंद उशीर म्हणजे तबलजी १० मीटरवर बसलाय, तेवढं निभतं. ब्लूटूथ इयरफोन एकटाच त्याहून जास्त खातो. लॅन केबल आणि वायरचा हेडफोन घ्या. विंडोजवर साउंड कार्डचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर असेल तर तोच, नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर. बफर (एका वेळी साठवायचा आवाजाचा तुकडा) १२८ नमुन्यांचा ठेवा, ४८ किलोहर्ट्झला तो पावणेतीन मिलिसेकंदाच्या आतच बसतो. खरखर आली तर वाढवा.

आणि स्वतःचा आवाजही सर्व्हरवरून फिरून आलेलाच ऐकायचा. पेटी तर मांडीपुढेच वाजते, म्हणून कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा. लय तबल्याने धरायची, त्याने कुणासाठी थांबायचं नाही. दोघं एकमेकांची वाट बघायला लागले की लय हळूहळू मंदावते, मग दोष इंटरनेटला.

नवीपेठकर:
तिघंच असाल तर आधी सोनोबस हे असंच दुसरं सॉफ्टवेअर बघा की. आवाज थेट एकमेकांकडे जातो, स्वतःचा सर्व्हर लागत नाही.

लिनक्सवाली:
बघा, पण सीजीनॅटमागून थेट जोडणी कधी जुळते, कधी नाही. शिवाय प्रत्येकाला बाकी सगळ्यांना वेगळा आवाज पाठवावा लागतो. टाळकरी वाढले की अपलोड पुरत नाही.

पेटीवाला_जुळेसोलापूर:
मुंबईचं मशीन घेतो. अक्कलकोट रोडच्या घराला लागून यंत्रमाग आहेत, त्याचं काय?

सातरस्ता_तबला:
माइक तोंडाजवळ, गेन (माइकचा आवाज वाढवणं) कमी. गात नसतील तेव्हा म्यूट करायला सांगा, नाहीतर तबल्यापेक्षा मागाचाच ठेका पक्का ऐकू येईल.