मिनी कूपर एस (आर५३): सुपरचार्जरची १५ टक्के लहान पुली बसवावी का?

प्रश्न — घाटरस्ता

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि माझ्याकडे २००५ सालची मिनी कूपर एस आहे. १.६ लिटरचे ट्रायटेक इंजिन, ईटनचा एम४५ सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा लोटणारा, बेल्टवर फिरणारा पंप) आणि कागदोपत्री १७० अश्वशक्ती असलेली ही आर५३ पिढीची गाडी ९० हजार मैलांच्या पुढे गेली असून इंजिनात आजवर कोणताही बदल केलेला नाही. बूस्ट (लोटलेल्या हवेचा वाढीव दाब) वाढवण्यासाठी मूळ पुलीच्या जागी १५ टक्के लहान पुली बसवण्याचा माझा विचार आहे. बाजारात १७ आणि १९ टक्क्यांच्याही पुली मिळतात आणि किमतीत फारसा फरक नाही, त्यामुळे मोठा बदल एकदमच का करू नये, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा, की ईसीयूचे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे) मॅपिंग, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचे गणित, न बदलता ही पुली चालेल का? आणि तिसरा, या वयाच्या गाडीत पुलीला हात लावण्याआधी काय तपासून घ्यावे? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

उत्तर १ — दट्ट्या

टक्केवारीपासून सुरुवात करतो, कारण पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे. पुलीचा व्यास १५ टक्क्यांनी कमी झाला की सुपरचार्जरचा वेग १५ नव्हे, तर सुमारे साडेसतरा टक्क्यांनी वाढतो. १९ टक्क्यांच्या पुलीने तो साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. मूळ रचनेत सुपरचार्जर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) साधारण दुप्पट वेगाने फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ६,९०० फेऱ्यांवर असताना तो १४ हजारांच्या जवळ असतो, १५ टक्क्यांच्या पुलीने १६ हजारांच्या वर जातो आणि १९ टक्क्यांच्या पुलीने १७ हजार गाठतो.

आता बूस्ट कुठून येतो ते पाहा. एम४५ एका फेरीत ४५ घनइंच, म्हणजे सुमारे ०.७४ लिटर हवा पुढे ढकलतो. चार स्ट्रोकचे १.६ लिटर इंजिन एका फेरीत ०.८ लिटर हवा घेते. दुप्पट वेगामुळे ०.८ लिटरच्या जागेत जवळजवळ १.५ लिटर हवा लोटली जाते आणि तिथेच दाब साठतो. लहान पुलीने हा आकडा १.७४ लिटरवर जातो. गळती आणि इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) परिणाम धरून हिशेब खाली येतो, पण दिशा हीच राहते. यातून आणखी एक गोष्ट कळते, जी बूस्टच्या मीटरकडे डोळे लावून बसणाऱ्यांनी समजून घ्यायला हवी: हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) किंवा एक्झॉस्ट मोकळा केला, तर इंजिन जास्त हवा घेते, ताकद वाढते आणि मीटरवरचा दाब मात्र कमी दिसतो.

१९ टक्क्यांच्या विरोधात माझा मुख्य आक्षेप उष्णतेचा आहे. रूट्स प्रकारचा हा सुपरचार्जर स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही. तो ती नुसती ढकलतो आणि ती पुढे मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या) दाबाविरुद्ध दाबली जाते. त्यामुळे दाबाचे गुणोत्तर (बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेच्या दाबांचे) वाढेल तशी त्याची कार्यक्षमता घसरते. बाहेर २० अंश तापमान आणि ५५ टक्के कार्यक्षमता धरली, तर १.८ गुणोत्तराला बाहेर पडणारी हवा ११५ अंशांच्या पुढे जाते. गुणोत्तर २ आणि कार्यक्षमता ५२ टक्के धरली, की तीच हवा १४० अंश ओलांडते. ही सगळी उष्णता इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या, बॉनेटच्या झरोक्यातून येणाऱ्या वाऱ्यावर विसंबलेल्या छोट्या इंटरकूलरने काढायची आहे. गाडी रहदारीत उभी राहिली की तो खालच्या इंजिनाच्या धगीनेच तापतो. तापलेल्या हवेत नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांची) शक्यता वाढते, ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि पुलीने दिलेले त्यातच जाते. म्हणून १९ टक्के हा रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा आकडा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान पुलीची कल्पना मुळात चुकीची नाही; जॉन कूपर वर्क्सच्या (मिनीची ताकद वाढवणाऱ्या संस्थेच्या) २०० अश्वशक्तीच्या किटमध्येही ती होती, पण तिच्यासोबत सुधारित हेड आणि वेगळे मॅपिंगही होते.

उत्तर २ — तेलपाणी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण इथेच गाड्या बिघडतात. आर५३ मध्ये पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकाला जोडलेला असतो आणि त्याच्याच गिअरवर फिरतो. पुली लहान केली की पंपही तितकाच वेगाने फिरणार. अल्टरनेटर आणि एसीच्या कंप्रेसरचा वेग मात्र बदलत नाही.

सुपरचार्जरच्या दोन टोकांना तेलाचे दोन स्वतंत्र कप्पे आहेत. त्यांत इंजिनाचे तेल येत नाही, आणि नेहमीच्या सर्व्हिसच्या यादीत त्यांचे तेल बदलणेही नाही. पंपाच्या बाजूचा कप्पा वर्षानुवर्षांत कोरडा पडतो, गिअर झिजतात, एक दिवस पंप फिरणे थांबते आणि इंजिन तापते. तुमच्या गाडीच्या वयात हे तेल कधी बदलले होते याची नोंद नसेल, तर आधी सुपरचार्जर उतरवून दोन्ही कप्पे उघडा, गिअर आणि पंपाचा जोड पाहा, तेल भरा, मगच पुलीचा विचार करा. सुपरचार्जर बाहेर असतानाच पाण्याचा पंप आणि तिथले सील बदलणे शहाणपणाचे आहे, कारण त्या कामातली खरी मेहनत तिथवर पोहोचण्याची असते.

दुसरी कमजोर जागा क्रँकची पुली. ती डॅम्परही (कंप शोषणारी) आहे: आतला हब आणि बाहेरची कडा यांच्यामध्ये रबराचा थर असतो. जुन्या गाडीत हे रबर फुगते, चिरते आणि कडा हबपासून सुटते. त्यामुळे बेल्ट गेला की सुपरचार्जरसोबत पाण्याचा पंपही थांबतो. इंजिन चालू ठेवून कडा डुलते का ते पाहा. वाढीव भार याच बेल्टवर येणार असल्याने बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही तपासा.

सुपरचार्जरची जुनी पुली काढताना योग्य पुलर (ओढून काढण्याचे अवजार) वापरा. ती शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते. हातोड्याने किंवा पहारीने काढायला गेलात, तर शाफ्टच्या बेअरिंगला इजा होते. हात पोहोचण्यासाठी उजवे पुढचे चाक, त्यामागचे आवरण आणि त्या बाजूचा इंजिन माउंट सोडवावा लागतो. नव्या पुलीला थोडा आखूड बेल्ट लागतो, तो आधीच आणून ठेवा.

प्रश्नकर्ता — घाटरस्ता

दोघांचेही मनापासून आभार. १९ टक्क्यांचा विचार सोडला. तेलाची कोणतीही नोंद कागदपत्रांत नाही, त्यामुळे सुपरचार्जर आधी उतरवून घेतो. मॅपिंग आणि पेट्रोल यांबद्दल कोणी सांगेल का?

उत्तर ३ — ठिणगी

या गाडीत हवेचे वस्तुमान मोजणारा मीटर नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचे तापमान यांवरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. त्यामुळे १५ टक्क्यांच्या पुलीने वाढलेला दाब त्याला दिसतो आणि मूळ मॅपिंगवरही गाडी चालते. पण चालणे वेगळे आणि पूर्ण फायदा मिळणे वेगळे. मूळ मॅपिंगवर सुमारे १५ ते २० अश्वशक्तींची वाढ अपेक्षित ठेवा आणि पुढे डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मॅपिंग करून घ्या. तिथे वरच्या फेऱ्यांवर हवा-पेट्रोलाचे मिश्रण आणि टायमिंग दोन्ही मोजून घ्यावेत, कारण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मूळचेच आहेत आणि त्यांची मर्यादा तिथेच जाणवते.

स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) घ्या. एनजीकेच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग अधिक थंड असतो, म्हणजे ६ च्या जागी ७. पेट्रोलच्या बाबतीत तडजोड नको. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीचे ९५ आरओएनचे (ऑक्टेन क्रमांकाचे) पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले) झाले आहे. तुम्ही ९७ ते ९९ आरओएनचे सुपर पेट्रोलच भरा. इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट नीट बसले आहेत ना, तेही पाहा, कारण तिथली गळती वाढवलेला बूस्ट गिळते.

पुली बसवण्याआधी विमा कंपनीला हा बदल कळवा आणि त्यांचे उत्तर लेखी घ्या. न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा अडकू शकतो. मॅपिंग होईपर्यंत लालरेषेजवळ इंजिन ताणू नका.