ग्रामसभेत समई-ईशस्तवन नको म्हणणाऱ्यांना उत्तर

माशेलकार:
काल ग्रुपवर एकाने लिहिलं की आपल्या गोव्यातल्या पंचायतीच्या कार्यक्रमात समई, ईशस्तवन, नारळ सगळं बंद करा, ग्रामसभा थेट अजेंड्यावर येऊ दे, आणि कामाच्या शुभारंभाला भट नि पाद्री दोघांना बोलावतात तो निव्वळ मतांसाठीचा तमाशा. वाचून डोकं तापलं, दोन ओळींत भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

तमाशा कसला? म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला हिंदू तेल घेऊन रांगेत उभे असतात, शिरगावची लईराई देवी तिची बहीण असं दोन्हीकडचे मानतात. नवं भात आलं की आमच्याकडे नव्याची पंचम आणि ख्रिश्चनांकडे कणसाचं फेस्त. अशा गावात साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, कामाला भटजींनी नारळ वाढवला, पाद्रीबाबनी पाणी शिंपडलं तर कुणाच्या पोटात का दुखावं? आमच्या वाड्यावर काम सुरू झालं तेव्हा भटजींनी गाऱ्हाण्यात देवाकडे मागितलं की खाली उतरून काम करणाऱ्या पोरांना काही होऊ नये, आणि मग पाद्रीबाबनीही तेच मागितलं. ते मजूर बाहेरगावचे, बाजूला फावडी घेऊन उभे. त्या दिवशी त्यांचं नाव या दोघांनीच काढलं, भाषण करणाऱ्या एकानेही नाही. हे बंद करून काय मिळणार ते सांगा.

बार्देसकार:
माशेलकारबाब, सायबीण आणि लईराईचं नातं लोकांनी जपलंय, पंचायतीने नाही, ते मध्ये आणू नका. साकवावर नारळ फोडा, मला काही नाही. प्रश्न ग्रामसभेचा आहे. ती पंचायत राज कायद्याने भरते आणि तिथे मी मतदार म्हणून येतो, भक्त म्हणून नाही.

17 ऑक्टोबर 1949 ला घटना समितीत एच. व्ही. कामतांनी दुरुस्ती मांडली होती की घटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करा. मतदान झालं, 41 विरुद्ध 68 ने पडली. विरोधात मत देणारे काय सगळे नास्तिक होते? देव मानणाऱ्या लोकांनीच ठरवलं की हे सरकारी कागदावर नको.

आणि माझं सांगतो. मी ईशस्तवनाला उभा राहत नाही, गप्प बसून राहतो, कुणाला त्रास नाही. मागच्या एका सभेत माझ्या घरासमोरच्या गटाराचा विषय मी काढला तर मागून एक जण ओरडला, "देवाक उबो रावना, ताका गटार कित्याक जाय?" (देवासाठी उभा राहत नाही, त्याला गटार कशाला हवं?) सगळे हसले. सरपंचही हसले. गटार अजून तुंबलेलंच आहे.

माशेलकार:
तो माणूस बोलला ते वाईटच, पण एका उर्मटामुळे अख्ख्या गावाची पद्धत मोडायची का? गटार तुंबलं ते प्रार्थनेमुळे नाही ना.

बार्देसकार:
गटार प्रार्थनेमुळे नाही तुंबलं, पण माझा विषय हशात गेला तो प्रार्थनेमुळेच. कोण उभा राहिला कोण नाही हे सगळ्या गावाला दिसतं, तिथेच माणसाची किंमत ठरते.

फोंड्याची मास्तरीण:
मला आधी हे सांगा की समई विझू नये म्हणून पंखे बंद करायची पद्धत कुणी काढली. मे महिन्यात पंचायतीच्या हॉलमध्ये, पत्र्याखाली, पाहुणा अर्धा तास उशिरा, म्हाताऱ्या बायका पदराने वारा घेतायत आणि कुणी बटणाला हात लावला की सचिव धावत येतो. देवाला तरी हे आवडत असेल का?

बाकी बार्देसकारभाऊंचं मला पटतं. मी अनुदानित शाळेत शिकवते. घटनेच्या कलम 28(3) प्रमाणे अशा शाळेतसुद्धा पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसायला लावता येत नाही. 1986 साली केरळच्या तीन मुलांची केस झाली, ती राष्ट्रगीताला उभी राहायची पण धर्मामुळे म्हणायची नाहीत, शाळेने काढलं आणि सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला ही सवलत मिळते तर पंचायतीच्या ईशस्तवनाला का नाही?

पेडणेकार:
कोर्टाच्या गोष्टी अर्ध्याच सांगतात सगळे. गुजरात हायकोर्टाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्ध याचिका गेली होती ना? 2011 मध्ये फेटाळली, वर 20,000 रुपये भरायला लावले. खुद्द कोर्टाला पूजा चालते आणि आमच्या पंचायतीला चालत नाही?

फोंड्याची मास्तरीण:
मग 2024 चंही सांगा. मार्चमध्ये पिंपरी-चिंचवडला कोर्टाच्याच इमारतीचं भूमिपूजन होतं, तिथे स्टेजवरून सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ओक म्हणाले की कोर्टाच्या कार्यक्रमात पूजाअर्चा थांबवा, उद्देशिकेपुढे झुका.

मडगांवचो मराठी:
प्रार्थना असो नसो, ती कुठल्या भाषेत हे कुणी बोलणार की नाही? मी दक्षिण गोव्यात सासष्टीत राहतो. इथे कार्यक्रमाची प्रार्थना कोकणीत, रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, छापलेला कागद हातात देतात, माझ्या आईला एक अक्षर वाचता येत नाही. आमच्या आरत्या मराठी, भजनं मराठी, देवळातला सप्ताह मराठी, आणि पंचायतीत मराठीत अर्ज दिला तर सचिव म्हणतो इंग्लिशमध्ये आणा. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीचा वापर करता येतो असं स्पष्ट लिहिलंय.

बार्देसकार:
आला का भाषेचा विषय. कुठलाही धागा काढा, तुमची गाडी शेवटी राजभाषेवरच.

मडगांवचो मराठी:
येणारच! तुम्हाला उभं राहायचं नाही तर तुम्ही बसून राहू शकता. माझ्या आईने काय करायचं, न कळणारा कागद धरून तोंड हलवायचं?

पेडणेकार:
आमच्याकडे उलट आहे. ईशस्तवन मराठीत, तेही शाळेच्या मुलींकडून बसवून घेतलेलं संस्कृताळलेलं, आणि वाड्यावरच्या किरिस्तांव (ख्रिश्चन) बायका गप्प उभ्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

फोंड्याची मास्तरीण:
तक्रार केली नाही म्हणजे चाललं असं नसतं, पेडणेकारभाऊ. विचारलं का कुणी त्यांना? मराठीचा अर्ज नाकारला तर मीही भांडेन, पण सासष्टीत तुम्हाला जे टोचतं तेच पेडण्यात त्या बायकांना टोचत असणार.

मडगांवचो मराठी:
म्हणजे मराठी माणसाने दोन्हीकडे गप्प बसायचं. अर्जाचं मान्य केलंत तेवढं पुरे, बाकी वाद घालत नाही.

माशेलकार:
मी सुरू केलं काय आणि तुम्ही नेलं कुठे. पंख्याचं मास्तरीणबाईंचं बरोबर आहे, समई दाराकडे ठेवली तर पंखे चालू राहतील, हे मी स्वतः सचिवाला सांगतो. आणि ग्रामसभा सुरू व्हायच्या आधी, हजेरीची वही फिरायच्या आधी, ज्यांना हवं त्यांनी ईशस्तवन करावं आणि सभा नंतर सुरू व्हावी, इथवर मी यायला तयार आहे. बंद मात्र होऊ देणार नाही.

बार्देसकार:
वही आधी फिरली काय नंतर फिरली काय, हॉल तोच आणि बघणारे डोळे तेच. येत्या ग्रामसभेला मी लेखी ठराव देतोय, मराठीतच देतोय. मडगांवकारबाब, तो सचिवाने परत केला तर तुम्ही माझ्या बाजूने उभे राहणार का तेवढं सांगा.

मडगांवचो मराठी:
भाषेसाठी उभा राहीन. ठरावाच्या विरोधात हात वर करीन.