मदत हवी आहे : समुद्रापलीकडच्या बेटांवर अळंबी पोहोचली कशी?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. शाळेतल्या मुलांसाठी अळंबीचा माहितीफलक करतोय, तिथे अडलोय.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसात वारुळावर उगवणारी अळंबी वाळवीच जोपासते. ही जोडी आफ्रिकेतल्या वर्षावनात सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी जुळली, असं मानतात. मादागास्कर मात्र भारतापासून साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीच सुटलं, तरी तिथेही ही अळंबी आहे! म्हणजे ती समुद्र ओलांडूनच गेली असणार. तिथल्या जातीच्या वाळवीची मादी उडताना बुरशीचे बीजाणू पोटातून नेते; मला हे फार विलक्षण वाटतं. हवाई बेटांची गोष्ट वेगळी. ती ज्वालामुखीतून वर आली, कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती. तिथे पाइन, निलगिरीखाली उगवणाऱ्या कितीतरी छत्र्या माणसानं लावलेल्या झाडांबरोबर आल्या.

श्रीलंकेतली अळंबी आपल्या सह्याद्रीतल्या अळंबीच्या किती जवळची? वनस्पतिशास्त्राच्या कुणी शिक्षकांनी सोप्या मराठीत सांगावं. आणि खानापूर, चंदगडकडच्या लोकांनी आपापल्या गावातली अळंबीची नावं फोटोसह कळवा. फोटोत देठाचा मातीत गेलेला लांब भागही दिसू द्या, ओळख त्यावरूनच पटते.