मदत हवी आहे: मस्टँगला चकाकीच येत नाहीये

सुटेभाग
मंडळी, जरा तातडीचं आहे. मस्टँग पी-५१डी या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल रंगवतोय. चंदेरी दिल्यावर पत्रा वाटायला हवा ना? इथे राखुंडी फासल्यासारखं दिसतंय. दोनदा खरवडून पुन्हा दिला, तेच. शनिवारी भाच्याचा वाढदिवस. काय चुकतंय?

डोंबिवली_लोकल
कुठला रंग? ब्रश की एअरब्रश? खाली प्रायमर काय? स्केल? पत्रिका न दाखवता गुण कसे जुळवायचे?

सुटेभाग
१/७२. एअरब्रश. रंग चांगलाच आहे हो, हार्डवेअरवाल्याकडचा नाही.

इंजिनकाका
पावसाळा! ओल्या हवेत लॅकर पांढरट पडतो. मी जुलैत रेल्वेचा डबा मारला, पिठात लोळवल्यासारखा झाला. दसऱ्यापर्यंत थांबा.

सुटेभाग
काका, शनिवार म्हणालो मी.

लखलखाट
खाली चकचकीत काळा द्या, आरशासारखा. त्यावर अल्क्लॅड (धातूसारखा दिसणारा लॅकर), दाब १२ ते १५ पीएसआय, अगदी विरळ हात. आणि दोन-चार पत्रे मास्किंग टेप लावून वेगळ्या छटेत मारा. सगळं एकाच बाटलीतून रंगवलं की विमान नाही, तेलाचा डबा दिसतो.

डोंबिवली_लोकल
काळा क्रोमला लागतो. साध्या ॲल्युमिनियमला राखाडी प्रायमरही चालतो, नीट घासलेला असला की झालं.

लखलखाट
चालणं वेगळं, शोभणं वेगळं.

पत्रेवाला
मुळात पंख चकचकीत करताच का? पी-५१डीच्या पंखांचे सांधे कारखान्यातच पुट्टीने भरून, घासून, वर ॲल्युमिनियम लॅकर मारत. लॅमिनार फ्लोचा पंख, म्हणजे त्यावरून हवा न घुसळता सरकायला हवी, म्हणून तो गुळगुळीत हवा. उघडा पत्रा धडाला. पंख एकसारखे, थोडे मंदच ठेवा.

सुटेभाग
अहो, धडसुद्धा राखच आहे!

कंदीलकर
आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या तलवारींना सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायचो. आता तयार रंगवलेले मावळे आणतात पोरं. मजा गेली.

डोंबिवली_लोकल
विषयांतर, पण चांदी खरंच चालते. पोळ्या गुंडाळायचा फॉइल डिंक लावून बसवणारे लोक आहेत. नाकाच्या गोलाईवर सुरकुत्या पडतात, तिथे रडायला येतं. ते असो. सुटेभाग, रंग सुकल्यावर पुढे काय केलंत?

सुटेभाग
काहीच नाही. मॅट वार्निश, ते तर सगळेच मारतात. डिकल, म्हणजे चिन्हांचे स्टिकर, अजून लावले नाहीत.

डोंबिवली_लोकल
तिन्ही वेळा?

सुटेभाग
हो, अर्थात. माझे सगळे रणगाडे तसेच आहेत.

डोंबिवली_लोकल
धन्य आहात! मॅट वार्निश उजेड विखरून टाकतं, हीच तुमची राख. रणगाड्याला शोभतं, उघड्या पत्र्याला नाही. या वेळी रंग देऊन थांबा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर डिकल थेट त्यावरच बसतील.

पत्रेवाला
आता खरवडू नका, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा बुजतील. रंग ॲक्रिलिक असेल तर रात्रभर नुसत्या डेटॉलमध्ये ठेवा. सकाळी डेटॉलनेच जुन्या टूथब्रशने घासा. रंग पूर्ण निघेपर्यंत पाणी लावू नका, चिकट लगदा होतो. हातमोजे घाला.

लखलखाट
आणि नंतर खाली चकचकीत काळा द्याच.

कंदीलकर
डेटॉलने प्लास्टरच्या मावळ्यांचा रंग निघेल का?

सुटेभाग
ॲक्रिलिकच आहे. बुडवलंय. घरभर दवाखान्याचा वास सुटलाय, आई दोनदा विचारून गेली, कोणाला लागलं म्हणून.